विश्लेषण : द्राक्षाच्या डोळ्यात घड की बाळी? सूक्ष्मदर्शक काय दाखवतो आणि काय नाही

फळछाटणीचा हंगाम जवळ आला की नाशिक जिल्ह्यातील प्रयोगशाळांमध्ये द्राक्षकाड्यांच्या जुड्या येऊ लागतात. निफाड, दिंडोरी, चांदवड भागातील बागायतदार ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या घेऊन येतात आणि त्यांचा प्रश्न एकच असतो : कितव्या डोळ्यावर कापायचे? यंदा या प्रश्नाला नेहमीपेक्षा जास्त धार आहे. मे महिन्याच्या उत्तरार्धातच पावसाने जिल्हा गाठला. २६ मे २०२५ रोजी मॉन्सून मुंबईत दाखल झाला. ज्या आठवड्यांत वेलीला स्वच्छ ऊन हवे असते, नेमके त्याच काळात आभाळ भरलेले राहिले. त्यामुळे काडीवरच्या डोळ्यात घड तयार झाला की नाही, ही धास्ती आहे. बाहेरून डोळा कितीही टपोरा दिसला तरी आत काय आहे ते कळत नाही. त्यासाठी तो ब्लेडने कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. वर्षभराच्या उत्पन्नाचा निर्णय अर्ध्या मिलिमीटरच्या एका उंचवट्यावर अवलंबून असेल, तर तो उंचवटा दिसतो कसा, हे समजून घेणे गरजेचे आहे.

काडी तपासणीत नेमके काय पाहतात?

महाराष्ट्रात द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. बागलाणसारख्या पूर्वहंगामी पट्ट्यात फळछाटणी त्याही आधी होते. खरड छाटणीनंतर नव्या काड्या फुटतात आणि त्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड आकार घेऊ लागतात. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये क्रेटमध्ये भरला जाणारा घड आदल्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावरच ठरलेला असतो. फळछाटणी त्याला फक्त बाहेर काढते.

द्राक्षाचा एक डोळा म्हणजे प्रत्यक्षात तीन कळ्यांचा संच. मधली मुख्य कळी आणि तिच्या शेजारी दोन राखीव. मुख्य कळीत सुरुवातीला एक अनिश्चित गोळा तयार होतो. वेलीला ऊन, अन्नसाठा आणि सायटोकायनिनसारखी संजीवके पुरेशी मिळाली तर तो गोळा फांद्या फुटत फुटत घड बनतो. ऊन कमी पडले, पानांची गर्दी झाली, वेलीची सगळी ताकद शेंडावाढीत गेली, तर तोच गोळा बाळी बनतो. बागायतदार ज्याला घडाचे बाळीत रूपांतर म्हणतात, त्याचा उगम इथे आहे. काही वेळा मुख्य कळी आतल्या आत मरते. मग छाटणीनंतर राखीव कळी फुटते, पण तिच्यावर घड नसतो किंवा असला तरी लहान असतो.

तपासणी करणारा तंत्रज्ञ काडीच्या बुडापासून डोळे मोजतो आणि एकेका डोळ्याचे वरून पातळ काप घेत खाली जातो. समोर असतो स्टिरिओ मायक्रोस्कोप. यात दोन डोळ्यांसाठी प्रकाशाचे दोन स्वतंत्र मार्ग असतात, त्यामुळे वस्तूची खोली कळते. वीस-चाळीस पट मोठे केलेल्या त्या कापात घडाचा अंकुर खडबडीत, दाटीवाटीने उंचवटे आलेल्या इवल्याशा शंकूसारखा दिसतो. बाळीचा अंकुर सडपातळ असतो. मेलेली कळी तपकिरी पडलेली असते. मी पहिल्यांदा आयपीसला डोळा लावला तेव्हा बराच वेळ स्वतःच्या पापण्याच पाहत होतो. सवय झाल्यावर घड आणि बाळी यांतला फरक दिसू लागला. तरी सीमेवरचे काही नमुने असे होते की मला दोन्ही सारखेच वाटले. तिथे यंत्रापेक्षा पाहणाऱ्याचा सराव जास्त महत्त्वाचा असतो.

अहवालात कितव्या डोळ्यात घड आहे, कितव्यात बाळी आणि कितवा मेलेला, एवढेच लिहिलेले असते. पण त्यावर कात्री चालते. घड सहाव्या-सातव्या डोळ्यात असताना चौथ्यावर कापले, तर पीक बांधावर पडते आणि वेलीवर नुसता पाला फुटतो. खते, औषधे, मजुरी यांचा खर्च मात्र तेवढाच राहतो.

मोबाइलच्या मॅक्रो कॅमेऱ्याने हे भागणार नाही का?

काही अंशी भागेल, असे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे लागेल. साध्या डोळ्याला वीतभर अंतरावरून साधारण ०.१ मिलिमीटर अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दिसतात. घडाचा अंकुर त्याच्या काही पट मोठा, म्हणजे तो दिसण्याच्या उंबरठ्यावरच असतो. चांगला मॅक्रो कॅमेरा त्याची कल्पना देऊ शकतो. अडचण असते ती हिरव्यावर हिरवे पाहण्याची, कापाच्या उंचसखलपणाची आणि एका हातात ब्लेड असताना नजर स्थिर ठेवण्याची.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सूक्ष्मदर्शकाचे काम वस्तू मोठी करणे, असे शाळेत शिकवले जाते. ते अर्धेच खरे आहे. मोबाइलवर एखादा फोटो दोन बोटांनी ताणत जा. काही वेळाने चित्र मोठे होते, पण नवीन काही दिसत नाही, चौकोनी ठिपके तेवढे मोठे होतात. म्हणजे मोठे करण्याआधी तपशील पकडला गेलेला असावा लागतो. जवळजवळ असलेल्या दोन गोष्टी दोन म्हणून दाखवण्याच्या ताकदीला विभेदनक्षमता म्हणतात. सूक्ष्मदर्शकाची खरी किंमत या ताकदीची असते. बाजारात काही हजार रुपयांत मिळणाऱ्या डिजिटल मायक्रोस्कोपच्या खोक्यावर ‘१६०० एक्स’ असे छापलेले असते, तेव्हा हा फरक आठवावा. तो आकडा बहुतेकदा पडद्यावर चित्र किती ताणले, एवढेच सांगतो.

स्वस्तात चांगले काम होऊ शकते, याचे उदाहरणही आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ मनू प्रकाश यांनी कागदाची घडी करून बनवलेला फोल्डस्कोप तयार केला. मोहरीहून लहान गोल भिंग, सुमारे १४० पट विशालन आणि साधारण दोन मायक्रॉनपर्यंतचा तपशील. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो मोबाइलच्या कॅमेऱ्याला जोडता येतो. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने तो देशभरातील शाळा-महाविद्यालयांपर्यंत नेण्याचा कार्यक्रमही राबवला.

मग पानावरची डाऊनी कशी ओळखतात?

पाऊस लांबला की घडाच्या चिंतेपाठोपाठ डाऊनी येते. नोव्हेंबर २००९ मधील अवकाळी पावसानंतर या रोगाने केलेले नुकसान जुने बागायतदार अजून सांगतात. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट डाग आणि खाली पांढरी लव ही तिची ओळख. ती लव खरवडून काचपट्टीवर थेंबभर पाण्यात ठेवली, तर स्टिरिओ मायक्रोस्कोप कमी पडतो. इथे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असतो तो संयुक्त सूक्ष्मदर्शक लागतो. त्यात प्रकाश खालून वर, वस्तूच्या आरपार जातो. म्हणून वस्तू पातळ हवी. वस्तूजवळचे भिंग एक प्रतिमा तयार करते आणि डोळ्याजवळचे भिंग ती आणखी मोठी करते.

चारशे पटीला पाहिले की त्या लवेचे झाड होते. पर्णरंध्रातून बाहेर आलेला दांडा, त्याला काटकोनात फुटलेल्या फांद्या आणि टोकांवर लिंबाच्या आकाराच्या बीजाणुपिशव्या. प्रत्येक पिशवी साधारण वीस मायक्रॉनच्या आतबाहेर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी. पाण्याचा पातळ थर मिळाला की पिशवी फुटते आणि आतून दहा मायक्रॉनहून लहान बीजाणू बाहेर पडून चक्क पोहू लागतात. पर्णरंध्र शोधतात, तिथे थांबतात आणि पानात शिरतात. रात्रभर पान ओले राहिले की डाऊनी का भडकते, हे त्या काचपट्टीवर समजते.

हे बीजाणू जवळजवळ पारदर्शक असतात. काचेच्या भांड्यातल्या पाण्यात काचेचीच गोटी शोधण्यासारखा प्रकार. त्यामुळे लहान वस्तू दिसण्यासाठी विभेदनक्षमतेइतकाच रंगभेदही लागतो. बुरशीसाठी कॉटन ब्लूसारखा रंग वापरतात. थुंकीच्या नमुन्यात क्षयरोगाचा जिवाणू लाल करून निळ्या पार्श्वभूमीवर दाखवतात, तेही त्याचसाठी. रंग न घालता जिवंत पेशी पाहायची तर फेज कॉन्ट्रास्ट ही युक्ती आहे. पेशीतून जाताना प्रकाशलहरी किंचित मागे पडतात, तो फरक उजेड-अंधारात बदलायचा. त्यासाठी फ्रिट्स झेर्निके यांना १९५३ चे नोबेल मिळाले.

प्रकाश कुठे थांबतो?

पोहणाऱ्या त्या बीजाणूला दोन शेपट्या असतात. त्यांची जाडी मायक्रॉनच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. साध्या सूक्ष्मदर्शकात त्या हलताना जेमतेम जाणवतात. त्यांच्या आत काय आहे ते पाहायचे म्हटले तर कितीही महागडे भिंग आणा, चित्र पुसटच राहते.

याचे कारण भिंगाच्या दर्जात नसून प्रकाशाच्या स्वभावात आहे. प्रकाश लहरींनी बनलेला असतो आणि त्याच्या लहरींची लांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग. विहिरीच्या पाण्यात मोठी लाट आली तर ती बुडालेल्या खांबाला आदळून फुटते, पण पाण्यात उभी असलेली काडी तिच्या गावीही नसते. काडीमुळे लाटेत काही फरक पडत नाही, म्हणून लाटेकडे पाहून काडीचा पत्ता लागत नाही. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये ही मर्यादा मांडली. तरंगलांबीच्या सुमारे निम्म्याहून जवळ असलेल्या दोन गोष्टी प्रकाश वेगळ्या दाखवू शकत नाही. उत्तम भिंग, त्यावर तेलाचा थेंब आणि हिरवा प्रकाश असला तरी गाडी २०० नॅनोमीटरच्या आसपास थांबते. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी न्यूटनच्या कड्या मोजताना हे सगळे परीक्षेपुरते वाटले होते. त्याचा द्राक्षाशी संबंध येईल असे तेव्हा कुणी सांगितले असते, तर जर्नल थोडे मनापासून लिहिले असते.

चमकणारे रेणू एकेक करून पेटवायचे आणि त्यांच्या जागा मोजायच्या, अशा पद्धतींनी शास्त्रज्ञांनी ही भिंत अलीकडे ओलांडली आहे. त्याबद्दल २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल एरिक बेट्झिग, स्टेफान हेल आणि विल्यम मोअर्नर यांना मिळाले. पण त्यांच्या कितीतरी आधी दुसरा रस्ता सापडला होता : प्रकाशच सोडून द्यायचा.

इलेक्ट्रॉनने चित्र कसे काढतात?

वेगाने धावणारा इलेक्ट्रॉनही लहरीसारखा वागतो, असे लुई द ब्रॉय यांनी १९२४ मध्ये मांडले. वेग जितका जास्त, लहर तितकी आखूड. एक लाख व्होल्टचा दाब दिला तर इलेक्ट्रॉनची तरंगलांबी ०.००३७ नॅनोमीटर होते, हिरव्या प्रकाशाच्या सुमारे दीड लाख पट लहान. काचेचे भिंग इलेक्ट्रॉनला वळवू शकत नाही, पण तारेच्या वेटोळ्यात वीज सोडून तयार केलेले चुंबकीय क्षेत्र वळवू शकते. या जोरावर माक्स क्नोल आणि अर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ मध्ये बर्लिनमध्ये पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभा केला. रुस्का यांना नोबेल मिळाले १९८६ मध्ये, तब्बल ५५ वर्षांनी.

याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात इलेक्ट्रॉन नमुन्याच्या आरपार जातात आणि आतली रचना सावलीसारखी उमटते. त्याला टीईएम म्हणतात. दुसऱ्यात, म्हणजे एसईएममध्ये, इलेक्ट्रॉनचा बारीक झोत पृष्ठभागावरून ओळीओळीने फिरतो आणि तिथून उडणाऱ्या इलेक्ट्रॉनांवरून उठावाचे चित्र तयार होते. मुंगीचा चेहरा किंवा परागकण यांची जी खोलगट, जवळजवळ शिल्पासारखी छायाचित्रे मोबाइलवर फिरतात, ती बहुधा एसईएमची असतात. त्यातले रंग मात्र नंतर संगणकावर भरलेले असतात. इलेक्ट्रॉनला रंग नसतो, मूळ चित्र काळे-पांढरेच.

किंमत मोजावी लागते ती नमुन्याला. हवेचे रेणू इलेक्ट्रॉनला भरकटवतात, म्हणून यंत्राच्या नळीत निर्वात पोकळी लागते आणि पोकळीत पाण्याची वाफ होते. जिवंत पेशीत तर बहुतांश पाणीच. त्यामुळे नमुना आधी ग्लुटाराल्डिहाइडसारख्या रसायनात घट्ट करायचा, अल्कोहोलने त्यातले पाणी काढायचे, राळेत बसवायचा आणि हिऱ्याच्या पात्याने ७०-८० नॅनोमीटर जाडीचे काप काढायचे. मग शिसे, युरेनियम अशा जड धातूंच्या क्षारांनी तो ‘रंगवायचा’. यात काही दिवस जातात. पोहणारा बीजाणू इथे पोहताना कधीच दिसत नाही. चपळाईने गोठवून पाण्याची काच करायची आणि नमुना तसाच पाहायचा, ही क्रायो पद्धत त्यावरचा उतारा ठरली. २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल तिला मिळाले.

पण एवढ्या खटाटोपाने जे दिसले त्याचा परिणाम थेट फवारणीपर्यंत पोहोचला आहे. डाऊनीच्या बीजाणूच्या दोन शेपट्यांपैकी एक गुळगुळीत असते. दुसरीवर काही नॅनोमीटर जाडीच्या पोकळ नळ्यांची लव असते. अशी लव समुद्रातील तपकिरी शेवाळांच्या पोहणाऱ्या पेशींवरही दिसते. पेशीभित्तिकेतले सेल्युलोज आणि पुढे जनुकांचा अभ्यास यांनीही तेच सांगितले : डाऊनी दिसायला बुरशी असली तरी ती खऱ्या बुरशीच्या घराण्यातली नाही. भुरी मात्र खरी बुरशी आहे. भुरीवर चालणारी ट्रायझोल गटातील औषधे एर्गोस्टेरॉल नावाचा घटक तयार होऊ देत नाहीत. डाऊनी तो घटक बनवतच नाही, त्यामुळे त्या औषधांचा तिच्यावर उपयोग होत नाही. पांढरे दिसले की हाताला येईल ते मारायचे, ही सवय खिशाला का लागते, ते यातून कळावे.

पुण्यात टिपलेला करोना विषाणू

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची ताकद महाराष्ट्राने २०२० मध्ये पाहिली. ३० जानेवारीला केरळमध्ये देशातील पहिला करोना रुग्ण आढळला. त्याच्या घशातील स्रावाचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत होता. तिथल्या शास्त्रज्ञांनी टीईएमखाली त्यातील विषाणूचे कण टिपले आणि मार्चअखेर ती छायाचित्रे ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये आली. सर्वांत नीट टिकलेला कण ७५ नॅनोमीटरचा होता. एका मिलिमीटरच्या रेघेवर असे तेरा हजार कण बसतील. प्रकाशाच्या मर्यादेच्या तो बराच खाली, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाला तो दिसणे शक्यच नव्हते.

इथे राळेतले काप नव्हते. पद्धत होती उलट रंगवण्याची. शाळेत कागदावर पान ठेवून टूथब्रशने भोवती रंग उडवायचो, पान उचलले की त्याचा पांढरा आकार राहायचा, तसे. जड धातूचा क्षार कणाभोवती पसरतो, पार्श्वभूमी गडद होते आणि कण उजळ उरतो. त्याच्या कडेचे काटेही उमटतात.

या बातमीतला एक तपशील तेव्हा फारसा चर्चेत आला नाही. धुंडाळलेल्या भागांत असे कण सापडले फक्त सात. आणि तो विषाणू करोनाच आहे, हे पीसीआर व जनुकीय तपासणीने आधीच सांगितले होते. चित्राने आकार दाखवला, ओळख पटवण्याचे मुख्य काम दुसऱ्या चाचणीने केले. आजही रुग्णाच्या निदानासाठी दररोज इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरत नाहीत, त्याचे कारण हेच.

बागायतदाराला इतके मोठे यंत्र हवे का?

नको. घडाच्या अंकुराला स्टिरिओ, डाऊनी-भुरीला संयुक्त, एवढ्यावर काम होते आणि दोन्ही यंत्रे तालुक्याच्या ठिकाणी मिळतात. कोट्यवधी रुपयांचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक संशोधनासाठी लागतो. मुंबईच्या आयआयटीतील ‘सैफ’ या सुविधेत तो बाहेरच्या संस्थांनाही शुल्क भरून वापरता येतो. नाशिकमधील महाविद्यालयांचे विद्यार्थी आणि प्राध्यापक केंद्राच्या ‘आय-स्टेम’ पोर्टलवर अशा यंत्रांसाठी नोंदणी करू शकतात.

माझ्या मते काडी तपासणीचा कच्चा दुवा यंत्रात नसून जुडीत आहे. हिशेब करून पाहू. नऊ बाय पाच फूट अंतरावर लावलेल्या एका एकरात सुमारे ९६८ वेली बसतात. प्रत्येकीवर तीस काड्या धरल्या तर २९ हजार काड्या. त्यातल्या दहा प्रयोगशाळेत गेल्या आणि सातांमध्ये घड दिसला. अहवाल म्हणतो ७० टक्के. पण संख्याशास्त्राच्या नेहमीच्या ९५ टक्के खात्रीने बोलायचे तर संपूर्ण बागेतील खरे प्रमाण ३५ टक्क्यांपासून ९३ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. चाळीस काड्यांपैकी २८ मध्ये घड दिसला, तर ही दरी ५३ ते ८३ टक्क्यांवर येते. अहवालावर दोन्ही वेळा सत्तरच छापलेले असेल.

शिवाय त्या दहा काड्या रस्त्याकडेच्या, हाताशी लागलेल्या, जाड आणि देखण्या असतील तर आकडा आणखी फसवतो. बांधाकडची वेल आणि मधल्या ओळीतली सावलीत दबलेली वेल यांना उन्हाळ्यात सारखे ऊन मिळालेले नसते. यंदा तर नाहीच नाही. जाड, मध्यम आणि बारीक अशा तिन्ही काड्या, बागेच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून, बुडापासून तोडलेल्या आणि कोणती कुठली हे लिहिलेली चिठ्ठी बांधून नेल्या, तर तंत्रज्ञाला बागेच्या कोणत्या भागात कितव्या डोळ्यावर कापायचे ते वेगवेगळे सांगता येते. सगळ्या बागेला एकच आकडा लावण्याची मग गरज राहत नाही.